आईच्या अंघोळीचं पाणी
कागदी लिंबाचं पान बोटांत चुरगळलं, की चाकणजवळच्या आमच्या गावातलं कोरडं अंगण आठवतं. कारखाने यायच्या आधीचा, पन्नास-एक्कावन्न सालातला उन्हाळा. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं भरलेली घागर दिवसभर पुरवायची. आई आम्हा भावंडांना घमेल्यात उभं करून अंघोळ घालायची आणि खाली साचलेलं पाणी अंगणातल्या लिंबाला ओतायची. स्वतः मात्र ओल्या फडक्यानं अंग पुसायची. "माजं काय, उद्या न्हाईन," म्हणायची. वैशाखात तापानं ती गेली. शेजारणींनी आपापल्या घरातलं पाणी आणलं, तिला अंगणात पाटावर बसवलं आणि पहिला भरलेला तांब्या तिच्या डोक्यावरून ओतला. पाणी मातीत चाललेलं दिसलं तशी मी, नऊ वर्षांची पोर, सवयीनं घमेलं घेऊन धावले आणि तिच्या पायांखाली सरकवू लागले. सगळ्या बायका थबकल्या. चुलतीनं माझ्या हातातून घमेलं अलगद काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे गं पोरी," ती म्हणाली, "आज तरी तिचं पानी तिलाच असू दे." आता पिंपरीतल्या माझ्या घरी नळाला भरपूर पाणी येतं, पण पहिला तांब्या डोक्यावर ओतताना अजून चोरी केल्यासारखं वाटतं.