गेटबाहेरची सायकल

"ए बाई, थांब. पासिंग आहे का ह्या गाडीचं?"

मी गेटमधनं आत शिरत होते. सकाळची वेळ. सोसायटीचे सेक्रेटरी साहेब हाफ पँट घालून मधोमध उभे. शेजारी फिरायला निघालेली चार माणसं, वॉचमन मामा आणि दूधवाला.

"नंबर कुठाय? लायसन काढलंयस? विमा?"

"साहेब, सायकल हाय ही. ब्याटरीची."

"सायकल कसली? मोटार दिसतीय की मला. उद्या कुणाला धडकलीस तर भरणार कोण? तू?"

चौघं हसले. दूधवालाही हसला. त्याच्या गाडीचा सायलेन्सर तारेनं बांधलेला होता. पण तो हसला.

"विनानंबरची गाडी आत येणार नाही. मामा, हिची गाडी बाहेर लावायची. तिकडं, कोंडाळ्याजवळ."

मी सायकल कचऱ्याच्या कोंडाळ्याला टेकवली. चौथ्या मजल्यावर गेले. आणि ज्या माणसानं मला गेटवर उभं केलं होतं, त्याच माणसाच्या तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन तेल लावलं.

माझं कामच ते आहे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं. आईनं केलं, मी करते. आई जन्मभर चालत फिरली. कळंब्याच्या पलीकडं आमची वस्ती आहे, तोंडाशीच निळा झेंडा आहे. तिथनं निघायची ती दिवस उगवायच्या आत, आणि परत यायची तेव्हा तिचे पाय सुजून टम्म झालेले असायचे. माझेही गुडघे तिशीतच बोलायला लागले. म्हणून शाहूपुरीतल्या एका दुकानातनं ही सायकल घेतली. पायडल असलेली, मागच्या चाकात लहानशी मोटार. जोरात पळत नाही. चढाला तर मी उतरून ढकलावी असं तिलाच वाटत असावं. दुकानदारानं सांगितलं होतं, "ताई, हिला पासिंग न्हाय, लायसन न्हाय, विमा न्हाय. कायद्यानं सायकलच हाय ही." मी त्यावर विश्वास ठेवला. पण विश्वास ठेवणं वेगळं आणि गेटवर चार माणसांसमोर तोंड उघडणं वेगळं. माझं तोंड उघडलं नाही.

साहेबांची पण गाडी होती. ब्याटरीचीच. चकचकीत स्कूटर. तिलाही नंबरची पाटी नव्हती. पाटीच्या जागी घरच्या देवाचं नाव होतं, सोनेरी अक्षरात. ती गेटमधनं आत-बाहेर करायची तेव्हा वॉचमन मामा सलाम ठोकायचे. मी एकदा विचारलं, "मामा, साहेबांच्या गाडीला कुठाय नंबर?"

"त्यांची इलेक्ट्रिक हाय. तिला लागत न्हाय."

"मग माझी काय घासलेटवर चालतीया व्हय?"

मामा हसले नाहीत. इकडं-तिकडं बघून म्हणाले, "गप की गं बाई. माझं पोट हाय हितं."

त्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा साहेबांच्या आईनं माझं आडनाव विचारलं होतं. सांगितलं. आजी "बरं" म्हणाल्या. ते "बरं" मला चांगलं ओळखता येतं. लहानपणापासून ऐकलंय.

नाही म्हणाल्या नाहीत. कारण माझ्या हाताला गुण आहे असं कॉलनीभर झालं होतं. बाळ माझ्या पायांवर पडलं की रडायचं थांबतं. त्यामुळं हात चालत होते. तेल लावायला चालत होते, बाळंतिणीची कंबर रगडायला चालत होते, धुरी द्यायला चालत होते. फक्त शेवटचा तांब्या चालत नव्हता.

न्हाऊ घालून झालं की शेवटचा तांब्या बाळावरनं ओवाळतात, थोडं पाणी अंगावर सोडतात आणि आशीर्वाद देतात. शहाणा हो, मोठा हो, आईबापाचं नाव काढ. आमच्याकडं हा मान न्हाऊ घालणाऱ्या बाईचा. आईनं मला शिकवताना सांगितलं होतं, बाकी सगळं काम, हा तेवढा मान. त्या घरात पहिल्याच दिवशी मी तांब्या उचलला तर आजींनी हात पुढं केला. "ठेव. तो मी घालते." मला वाटलं, हौस असेल, पणतू आहे. मग रोज बघितलं. आजी माझा तांब्या घ्यायच्याच नाहीत. देवघरातला वेगळा तांब्या आणायच्या. आणि ओवाळायच्या नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत सगळा ओतायच्या, माझे हात जिथं जिथं लागले होते तिथं तिथं. बाळ थंड पाण्यानं दचकून किंचाळायचं.

मला कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आणि तरी मी सकाळी सायकल काढत होते, कोंडाळ्याला टेकवत होते आणि जिना चढत होते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असतंय असं. आपण आपलं काम करून यावं." मला राग आला. आजही येतो. तिच्यावर नाही, ज्यांनी तिला हे वाक्य शिकवलं त्यांच्यावर.

साहेब सकाळी गंगावेशीला जायचे. म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला. कोल्हापूरच्या माणसाला त्याची चटक असते. डोळ्यांसमोर धार काढलेली, फेसाचा पेला, तो उभ्यानं रिचवायचा. मग मिशा पुसत, तरुण झाल्यासारखे, स्कूटर सोसायटीकडं दामटायचे. स्कूटरच्या दुकानदारानं त्यांच्या गाडीची एक वायर काढून दिली होती. ती वायर असली की गाडी हळू पळते. काढली की सुसाट. पार्किंगमध्ये ते मित्रांना कौतुकानं सांगत होते, मी बाजूनं जाताना ऐकलं. "पासिंग नाही, विमा नाही, आणि पळतीय बघा कशी!"

त्या सकाळी मी कोंडाळ्याजवळ वाकून सायकलीला कुलूप लावत होते. सायकल उभी. मीही एका जागी. मागनं आवाजच आला नाही, ब्याटरीच्या गाडीला आवाज नसतो. एकदम धडक. मी कचऱ्यावर, सायकल माझ्यावर. उजवा हात खाली सापडला. आतनं काहीतरी काडकन मोडल्याचं मला ऐकू आलं.

साहेब पडले नाहीत. गाडी सावरून उभे राहिले. पहिल्यांदा त्यांनी स्कूटर बघितली. मग रस्ता बघितला, कोण आहे का. मग मला बघितलं.

"मामा, बाई पडली बघा सायकलवरनं! माझी कार काढा."

मी अजून कचऱ्यातच होते आणि माझी गोष्ट ठरूनही गेली होती.

कारमध्ये मला मागं बसवलं. सीटवर आधी प्लॅस्टिकची पिशवी पसरली. मी कचऱ्यात पडले होते, म्हणून असेल. मी मनाची तशीच समजूत घातली, इतकी सवय झाली होती. वाटेत साहेब माझ्याशी बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी.

"हे बघ. सरकारी दवाखान्यात हवालदार विचारणार, कसं लागलं. तू म्हणायचं, सायकलवरनं घसरले."

हात कळा मारत होता.

"तुझ्या सायकलीला कुठलाच कायदा लागू नाही. ती पडली काय, मोडली काय, कोण विचारत नाही. माझ्या गाडीचं तसं नाही. वायर काढली म्हणजे ती मोटारसायकल झाली. मग तिला नंबर पाहिजे, विमा पाहिजे. तो उतरवलेला नाही. उगीच माझ्यावर केस होईल. तुझं त्यात काय जाणार?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. माझी सायकल ही सायकल आहे, हे त्यांना गेटवरही माहीत होतं. तिला पासिंग लागत नाही, हेही. आणि आपल्या गाडीला लागतं, हेसुद्धा. कायदा त्यांना पाठ होता. मला अडवायला त्यांनी तो वापरला आणि आता स्वतःला सोडवायला परत तोच वापरत होते.

"दवाखान्याचं सगळं मी बघतो," साहेब म्हणाले. "सव्वा महिना झाल्यावर द्यायची साडीचोळी आजच देतो. भारीतली. आणि उद्यापासनं सायकल आत लाव. पार्किंगमध्ये जागा देतो तुला."

हे ऐकून मात्र हाताची कळ मी विसरले. जे गेट माझ्यासाठी नियमानं बंद होतं, ते खोटं बोलल्यावर उघडणार होतं. मग तो नियम कसला? ती तर त्यांची मर्जी होती.

दवाखान्यात आई आली. तिला सगळं सांगितलं. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पडलो म्हणून सांग बाई. कॉलनीतलं काम जाईल. मोठ्या माणसांशी कशाला?"

"आई, पडलो म्हटलं तरी काम जातंय की. पडणाऱ्या बाईच्या हातात बाळ कोण देणार?"

तिला हे माझ्याआधी कळायला पाहिजे होतं. आमच्या कामात दुसरं भांडवल नाही. बाईचा हात सुटत नाही, तोल जात नाही, एवढ्या एका भरवशावर लोक अंघोळीला आपलं काल जन्मलेलं मूल आमच्या पायांवर ठेवतात. माझ्या आईच्या हातनं आयुष्यात एक बाळ निसटलं नाही. माझ्याही नाही. आणि हा माणूस मला सांगत होता, तुझं त्यात काय जाणार?

हवालदार आला. वयस्कर होता, कंटाळलेला.

"कसं लागलं?"

"सायकलवरून घसरली," साहेब म्हणाले. "आमच्याकडं कामाला आहे. मीच घेऊन आलो."

हवालदारानं मान डोलावली. लिहायला लागला. मला विचारलंही नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि ते हलकेच हसले, गेटवर चौघं हसले होते तसेच.

"साहेब, लिव्हू नका," मी म्हणाले. आमच्या कोल्हापुरात बायकाही मी आलो, मी गेलो असंच बोलतात, मी तशीच बोलले. "मी घसरलो न्हाय. सायकल उभी हुती. मी कुलूप लावत हुतो. ह्यांनी मागनं गाडी घातली माझ्या अंगावर."

"बाई शुद्धीत नाही," साहेब म्हणाले. "दुखण्यानं काहीतरी बरळतीय."

"शुद्धीत हाय की. आजच आलोय शुद्धीवर."

हवालदारानं पेन थांबवलं. एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग विचारलं, "गाडी कुठली? नंबर काय?"

"नंबर त्यांनाच इचारा. मला त्यांनी इचारला हुता, चार माणसात."

साहेबांचा चेहरा उतरला. मला आनंद झाला. हो, झाला. लपवायचं काय त्यात.

नंतरचं फारसं गोड नाही. हवालदार गेटवर चौकशीला गेला तेव्हा वॉचमन मामा म्हणाले, "मला काय ठाव न्हाय. मी पाण्याची मोटार चालू करायला गेलतो." आजींनी पोलिसांना सांगितलं, आम्ही तिला घरच्यासारखं वागवत होतो. घरच्यासारखं! केस चालू आहे. चालू म्हणजे तारखा पडतात. साहेबांनी आता गाडीची वायर परत जोडून घेतली आहे म्हणे. हात बसला, पण मनगटाला थोडा बाक राहिला आहे. कॉलनीतली सगळी कामं गेली. बाई चांगली आहे, पण तोंडाळ आहे, असं झालं. दुसरीकडं दोन घरं मिळाली. आई अजून म्हणते, ऐकलं असतंस तर बरं झालं असतं.

परवा त्याच सोसायटीतनं फोन आला. दुसऱ्या मजल्यावरची बाई. सुनेला मुलगी झाली होती, बाळ कुणाच्याच हाताला ठरत नव्हतं. "झालं गेलं सोडून दे. ये तू," म्हणाली.

मी विचारलं, "सायकल आत लावू?"

"ते सेक्रेटरींना विचारावं लागेल बाई."

"आणि शेवटचा तांब्या कोण घालणार?"

"ते काय, आमच्या सासूबाई घालतील. रीत असते घराघराची."

फोनमधनं बाळाचं रडणं ऐकू येत होतं. कळवळून रडत होतं. पोट दुखत असावं. काय करायचं ते मला माहीत होतं, माझे हात आपोआप हलले.

मी म्हणाले, "माझी सायकल गेटच्या आत येणार नसेल तर मीबी येणार न्हाय. शेवटचा तांब्या माझ्या हातचा चालत नसेल, तर पहिलाबी मिळणार न्हाय."

"अगं, बाळ रडतंय…"

"रडू दे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.