चार बोटं कमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ती आत्ता शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलीय. तरी मी तुम्हालाच सांगतेय. बघा.

दुष्काळाची सालं होती. आमचं गाव शेंद्र्याच्या कारखान्यांच्या अलीकडं. विहिरीत दगड दिसायला लागले, बैलजोडी बाजारात गेली आणि दावणीला एकच जनावर उरलं. तांबू, आमची संकरित कालवड. माझे वडील, अण्णा, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायचे. आई तांबूला घेऊन चारा छावणीत, पाचटाच्या सावलीला. आणि मी शहरात, कृषीच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. याचा मला लई अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

तांबू व्याली की घरात दूध येणार, त्या पैशात चारा येणार, आईची छावणी सुटणार — सगळं त्या एका जनावरावर होतं.

आईचं एक सांगायला हवं. गाय अडली की पंचक्रोशीतून तिला बोलावणं यायचं. कालवड भरवायची का, म्हणजे गाभण करायची का, हे ती हातानं ठरवायची. पुठ्ठ्याच्या, शेपटीजवळच्या दोन हाडांमध्ये वीत टाकायची, वर चार बोटं धरायची. तेवढी जागा भरली तर हो, नाही तर नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी छावणीत गेले तेव्हा तांबू पहिल्यांदा माजावर आली होती. आईनं वीत टाकली आणि मान हलवली. "वय झालंय गं हिचं, अंग नाय झालं. औंदा ऱ्हाऊ दे."

मी काय म्हणावं? चार बायका बसलेल्या. मी म्हणाले, वीत-बोटं जुनी झाली, आता छातीचा घेर मोजतात, त्यावरून वजन कळतं. आणि वर, न मोजताच — अंगानं भरलीय ती, करा कृत्रिम रेतन.

शेजारची भीमाकाकू हसली. "कालेजात शेणाचा पेपर असतो व्हय गं?"

सगळ्या हसल्या. आईसुद्धा. ते हसणं मला लागलं. एवढ्याशा गोष्टीनं माणूस काय करून बसतं!

दुपारी सगळी आडवी झाल्यावर मी एकटीच तांबूजवळ गेले. शिंप्याची टेप पुढच्या पायांमागून छातीला गुंडाळली. पुस्तकातल्या आकड्यापाशी ती पोचलीच नाही. पुन्हा लावली. ओढून, सैल करून, श्वास सोडताना, घेताना. चार बोटं कमी. आईची वीत जे म्हणाली तेच टेप म्हणत होती. पुस्तकही तेच म्हणत होतं. उलटं म्हणणारी त्या छावणीत मी एकटीच होते.

संध्याकाळी रेतन करायला डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, घेर मोजला का? मी म्हणाले, "मोजला. भरतोय."

एवढंच. दोन शब्द.

त्यांनी एकदा आईकडं पाहिलं. आई तांबूच्या कपाळावर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "ल्योक म्हणा, लेक म्हणा, हीच शिकलीय आमची. ती म्हनती तर आसंल." तेव्हा तरी बोलायचं होतं ना? वेळ होता. डॉक्टर हातमोजा चढवत होते. मी टेपची गुंडाळी करत राहिले.

नऊ महिने गेले. छावणी बंद झाली, पाऊस बेताचा झाला. तांबू घरी, परड्यात अडली. सकाळपासून दुपार झाली. वासराचे पाय दिसत होते, पण डोकं त्या हाडांतून येईना. आईनं कोपरापर्यंत हात घातला. वासरू निघालं ते मेलेलं. तांबू उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

पण हे सांगायला मी बसलेले नाही.

आलेल्या गेलेल्याला आई सांगायची, "माझंच चुकलं. शेवटच्या महिन्यात सरकीची ढेप जास्ती घातली, वासरू मोठं झालं." मी तिथंच, भिंतीला टेकून. एकदाही म्हणाले नाही की आई, ढेपेचं काय नव्हतं. त्यानंतर दोनदा लोक तिला बोलवायला आले. ती गेली नाही. "माझ्या हाताला यश नाय राहिलं," म्हणाली. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. तिच्याकडं एकच विद्या होती. ती मी काढून घेतली, आणि गप्प राहून काढून घेतली.

पुढं आमचं रान कंपन्यांच्या पट्ट्यात गेलं, आम्ही शहरात फ्लॅटमध्ये आलो. टीव्हीवर गाय दिसली की आई अजून तिचा पुठ्ठा बघते. मग माझ्याकडं वळून विचारते, भरली असंल का गं ही? तिला वाटतं, ते मला तिच्यापेक्षा जास्त कळतं.

मी पदवी घेतली. बावीस वर्षं झाली, गावोगावच्या गोठ्यांत जाते. कालवड भरवायची का, हे विचारायला लोक माझ्याकडं येतात. मी टेप लावते आणि आकडा मोठ्यानं वाचते. माझ्या शब्दावर भरवलेली कालवड त्यानंतर एकही अडलेली नाही.