पाय धुवायचे पाणी

समुद्रात गेलेला माणूस पाण्याच्याच वाटेने घरी परततो, अशी आमच्या वाडीची श्रद्धा आहे. चिकनगुनियाही त्याच वाटेने आला.

माझे काका मासेमारीला गेले. होडी मिळाली, ते मिळाले नाहीत. काकीने कुंकू पुसले नाही. मागल्या दारी त्यांची पाय धुवायची मातीची घागर होती, तिच्यात ती रोज वरून पाणी घालून ठेवी. ओतत मात्र कधीच नसे. घागर पालथी घालणे म्हणजे माणूस आता येत नाही, हे मान्य करणे. तिन्हीसांजेला तिथे पाण्याचा बारीक आवाज होई. कुत्रे असेल, असे मी म्हणे, आणि बघायला जात नसे.

घराच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देत असे. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर पुण्याचे एक निवृत्त साहेब उतरले. बरीच बेटे पाहिलेली. मच्छरदाणी, मलम, अगरबत्त्या, सगळे बरोबर. जेवताना आम्हाला उष्ण कटिबंधातल्या आरोग्यावर व्याख्यान. रात्री ते मच्छरदाणीत देवासारखे निजत. दिवसा अर्ध्या चड्डीत, घागरीशेजारच्या गारव्यात पेपर वाचत. आठवडा संपायच्या आत तापाने वाकले. रिक्षात आम्हीच उचलून घातले. मग काकीचे गुडघे आणि बोटे सुजली.

तपासणीला गावातलाच आरोग्यसेवक आला. बॅटरी घागरीत धरून त्याने मला वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. हा डास दिवसा चावतो म्हणाला, पाणी आत्ताच ओता, आणि दर आठवड्याला घागर आतून घासा. काकी घागरीसमोर आडवी उभी राहिली.

"मगे ते इले काय पाय खंय धुवतले?"

त्याने बॅटरी विझवली.

"काकी, शिळ्या पाण्यान पाय धुवक देतलंस तेंका?"

काकी बाजूला झाली. तेव्हापासून दर रविवारी ती सुजलेल्या बोटांनी घागर ओते, नारळाच्या सोडणाने, त्या काथ्याळ सालीने, आतून घाशी, ताजे पाणी भरून वर फडके बांधी. गाठ अशी, की बाहेरून येणाऱ्याला एका ओढीत सुटावी. मला हात लावू देत नसे.

फडके बांधल्यावर कुत्र्याची सोय राहिली नाही. तिन्हीसांजेचा आवाज मात्र थांबला नाही.

नुसते पाणी ओतून का भागत नाही, हे मी आरोग्यसेवकाला नंतर विचारले. तो म्हणाला, त्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडीच तग धरतात, आणि पाणी आले की फुटतात.