लॉकरमधली गरम क्लॅरिनेट

या ग्रुपवर मला ओळखणारे बरेच आहेत, आणि ते काही प्रेमाने ओळखत नाहीत. कुणी रात्री पावलं ऐकू आल्याचं लिहिलं, की त्याखाली "आधी वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारा" अशी कमेंट टाकणारी बाई ती मीच. माझी बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नसेल तर ती घडलीच नाही, असं मानायचा मला पगार मिळत होता. भुताखेतांवर तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे हे वाचून कुणी "आता कसं?" म्हणायला येणार असेल तर खुशाल या. मी ऐकून घेईन.

साल २०१५, ठिकाण सिंगापूर. निखिल — माझा नवरा — आणि मी क्लेमेंटीला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. वन-नॉर्थच्या आयटी पार्कमध्ये माझी बऱ्यापैकी नोकरी होती. ती सोडून मी तिथल्या एका युनिव्हर्सिटीच्या म्युझिक स्कूलमध्ये क्लॅरिनेट वादनाच्या मास्टर्सला प्रवेश घेतला. वय बत्तीस, आणि वर्गातले बाकी सगळे नुकते कॉलेजातून आलेले. पुण्यात शाळेच्या बँडमध्ये हे वाद्य पहिल्यांदा हातात आलं होतं. सिंगापुरात कम्युनिटी क्लबच्या बँडमध्ये ते पुन्हा भेटलं, आणि मग सुटेना. आईला फोनवर सांगितलं.

"लग्नाच्या वरातीत वाजवतात तेच ना गं ते? त्यासाठी नोकरी सोडलीस?"

"हो आई, तेच."

"जावईबापूंना चालतंय?"

जावईबापू शेजारी बसून हसत होते. मला मात्र ते लागलं. तेव्हाच ठरवलं — हे पूर्ण करायचं, आणि असं करायचं की पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

परीक्षेच्या रिसायटलला, म्हणजे परीक्षकांसमोरच्या मैफलीला, चांगली लाकडी क्लॅरिनेट हवी होती. एका ऑनलाइन जाहिरातीवरून सेकंडहँड मिळाली. विकायला ग्रेस नावाची एक चिनी मुलगी आली होती, एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनवरच भेटली. क्लॅरिनेट तिच्या बाबांची. बाबा आता वाजवत नाहीत का, असं मी विचारलं तर म्हणाली, "होम नोबडी प्ले ऑलरेडी, लाह," आणि तिने मान वळवली. मी समजायचं ते समजले. मनात हात जोडले आणि विषय वाढवला नाही.

आता थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लाकडी क्लॅरिनेट गार असताना एकदम फुंकायची नसते. श्वास गरम, लाकूड गार — ते आतून फुगतं आणि तडकतं. म्हणून आधी हातात धरून हळूहळू गरम करायची. आणि वाजवून झालं की दोरीला बांधलेलं रेशमी फडकं आतून ओढून सगळी ओल पुसायची. सिंगापुरात बाहेर दमट उकाडा आणि स्कूलमध्ये अंग गारठवणारा एसी, त्यामुळे हे आम्ही सगळे कसोशीने पाळायचो. रात्रभर लॉकरमध्ये राहिलेली क्लॅरिनेट सकाळी हाताला गारच लागते. लागायलाच पाहिजे.

शेवटच्या सेमिस्टरला एका सकाळी मी लॉकर उघडला, बॉक्स उघडला, सुटी करून ठेवलेल्या क्लॅरिनेटचा वरचा तुकडा हातात घेतला... आणि तो गरम होता. आत्ताच कुणीतरी भरपूर वाजवून ठेवावा तसा गरम. उजेडाकडे धरून आत पाहिलं तर पाण्याचे थेंब. आदल्या संध्याकाळी मी स्वतः पुसून ठेवली होती.

पहिला संशय अर्थातच मार्कसवर. हा माझ्या वर्गातला मलेशियाचा मुलगा, शेजारचा लॉकर त्याचा, आणि उजाडल्यापासून प्रॅक्टिस रूम अडवून बसायची त्याला खोड. मी सरळ विचारलं.

"यू क्रेझी आह? आय गॉट माय ओन, व्हॉट," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, "आंटी, यू स्लीप ओके ऑर नॉट?"

आंटी म्हटल्यावर मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

कुलूप बदललं. सकाळी क्लॅरिनेट गरम आणि ओली. लॉकर बदलला. तेच. शेजारी स्कूलची प्लॅस्टिकची क्लॅरिनेट ठेवून पाहिली — ती गारढोण, माझी गरम. मग घरी न्यायला लागले. डायनिंग टेबलवर दोन्ही ठेवल्या, एसी लावला आणि निखिलला समोर बसवलं. तो बिचारा ऑफिसच्या गडबडीत पोहे खाता खाता साक्षीदार झाला. मध्येच त्याने हात लावला आणि चमचा खाली ठेवला.

"तापतेय गं ही. मगाशी गार होती."

"नक्की?"

"नक्की. आणि हे आईंना सांगू नकोस. पुढच्या विमानाने अंगारा घेऊन येतील त्या."

हसलो दोघंही. पण तेव्हापासून तो टेबलाच्या त्या बाजूला बसेनासा झाला.

रोज सकाळी, नाश्त्याच्या सुमाराला हे व्हायचं, आणि मग ती हळूहळू गार व्हायची. भीती वाटली का? खरं सांगते, राग जास्त आला. रोज ठरल्या वेळी पुन्हा दाखवता येणारा बग होता, आणि कारण सापडत नव्हतं.

मग आमच्या प्रोफेसरांना चीर दिसली. ते मूळचे युरोपातले, मोजकं बोलणारे. क्लॅरिनेट खिडकीकडे नेऊन त्यांनी वरच्या तुकड्यावर बोट ठेवलं. केसाएवढी बारीक रेघ होती.

"तू पुसत नाहीस."

"पुसते, सर."

"मग हे लाकूड रोज ओलं राहतंय ते कशानं?" त्यांनी ती माझ्या हातात दिली. "ही चीर बोटाखालच्या भोकापर्यंत गेली की हवा गळणार. मग यावर रिसायटल विसर. दुसरी क्लॅरिनेट घे, नाहीतर पुढच्या सेमिस्टरला परीक्षा दे."

दुसरी घेणं म्हणजे ओठ, बोटं, श्वास सगळं नव्याने बसवायचं. रिसायटल तीन आठवड्यांवर होतं, तेवढ्यात ते होण्यासारखं नव्हतं. आणि पुढचं सेमिस्टर आम्हाला नव्हतंच. निखिलच्या कंपनीने त्याला परत पुण्याला बोलावलं होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, असा सरळ हिशोब होता. मी प्रॅक्टिस रूममध्ये जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि ग्रेसला मेसेज केला — तुझ्या बाबांबद्दल थोडं विचारायचं आहे, येऊ का?

त्यांचं घर सेम्बावांगला. शनिवारी सकाळी क्लॅरिनेट घेऊन गेले. ग्रेसच्या बाबांचा फोटो कुठे लावला असेल, त्यापुढे काय बोलायचं, याची मनात तयारी करत बेल वाजवली. दार एका उंच, म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली. माझ्या हातातल्या बॉक्सकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे.

"माय क्लॅरिनेट," ते म्हणाले. "कम, कम. यू ईट ऑलरेडी?"

मी ज्यांना इतके महिने मनोमन श्रद्धांजली वाहिली होती, ते अंकल ठणठणीत जिवंत होते.

चाळीसेक वर्षं बँडमध्ये वाजवलेला माणूस. वर्षभरापूर्वी चेहऱ्याला लकवा मारला. ओठ मिटेना, कोपऱ्यातून हवा गळायची, स्वर निघेना. समोर क्लॅरिनेट दिसली की ते जेवायचे नाहीत, म्हणून ग्रेसने ती विकून टाकली. पण काही महिन्यांपूर्वी फिजिओथेरपिस्टने एक व्यायाम दिला होता. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून फुंकायचं, बुडबुडे काढायचे, रोज नाश्त्याआधी.

"बबल ओन्ली, सो बोरिंग," अंकल म्हणाले. "सो आय प्ले. इन माय हेड. लाँग नोट, स्केल, एव्हरीथिंग."

मी बॉक्स मांडीवर ओढून घेतला. "अंकल, आत्ता करून दाखवाल?" मी इंग्रजीत विचारलं.

ते खूश झाले. ग्लास आला, स्ट्रॉ आली. डावा गाल हाताने वर ढकलून त्यांनी फुंकायला सुरुवात केली आणि उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालू लागली. आम्हा वादकांना ती बोटं वाचता येतात. साधी चढती-उतरती स्वरावली होती. मी मांडीवर बॉक्स उघडला आणि वरच्या तुकड्यावर तळहात ठेवला.

तो गरम व्हायला लागला. थोड्या वेळाने माझ्या जीन्सवर पाण्याचा थेंब पडला.

त्यांना काही दिसलं नाही. व्यायाम संपवून त्यांनी क्लॅरिनेट मागून घेतली, उलटसुलट केली, आणि त्यांचं नख त्या रेघेवर थांबलं. आत बोट घालून पाहिलं तर ओल. त्यांचा चेहरा एकदम कडक झाला.

"हू नेव्हर वाइप?"

"मी, अंकल," मी म्हणाले. "चुकलं माझं."

त्यांनी मला रागावून पुसायचं कसं ते पहिल्यापासून शिकवलं, आणि मी मुकाट्याने शिकले. निघताना ग्रेस लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, या महिन्यात पहिल्यांदाच ओठाचा डावा कोपरा हलायला लागलाय. डॉक्टरांनी आशा सोडली होती, बाबांनी नाही. "दॅट स्ट्रॉ, ओन्ली दॅट वन ही बिलीव्ह."

परतीच्या एमआरटीत मी एकच विचार करत होते. तुमच्या फुंकण्याने तुमची क्लॅरिनेट तडकतेय, असं त्यांना कळलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता की नाही कोण जाणे. पण ठेवला असता, तर त्याच दिवशी स्ट्रॉ फेकून दिली असती. मला माझं रिसायटल हवं होतं. आणि त्या माणसाचा चेहराही हवा होता. एकासाठी दुसरं सोडायला मी तयार नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून क्लॅरिनेट लॉकरमध्ये ठेवणं बंद. सकाळी अंकलच्या वेळेआधी एसी बंद करून ती हातात घेऊन बसायचे. त्यांनी सुरुवात केली की ती तापायला लागायची, आणि मी दर थोड्या वेळाने फडकं आतून ओढायचे. ते थांबेपर्यंत. एकदम गार पडू नये म्हणून नंतरही हातात धरून ठेवायचे. हळूहळू मला त्यांचे दिवस कळायला लागले. कधी भरपूर ओल असायची, म्हणजे स्वारी जोमात. कधी जेमतेम कोमट, मग दिवसभर माझं लक्ष लागायचं नाही. ज्या माणसाला एकदाच भेटले होते त्याच्यात माझा जीव अडकला होता.

चीर होती तिथेच राहिली. रिसायटल झालं, चांगलं झालं. प्रोफेसरांनी आधी क्लॅरिनेट तपासली आणि मग माझ्याशी हात मिळवला. आईने व्हिडिओ पाहून फोन केला, "छान वाजवलंस गं. वरातीतल्यापेक्षा जरा हळू असतं का हे?" आणि मग फोन चालू असतानाच व्हिडिओ पुन्हा लावला.

आम्ही पुण्याला आलो. मला वाटलं होतं, एवढं अंतर पडल्यावर थांबेल. नाही थांबलं. सिंगापूरचा नाश्ता म्हणजे आपली पहाट, म्हणून मी पहाटे उठून फडकं घेऊन बसायला लागले. आई राहायला आली होती तेव्हा म्हणाली, "पूजा मांडलीस का काय त्याची?" निखिल कुशीवर वळून झोपेतच विचारायचा, "आले का अंकल?" वर्ष उलटलं तरी एक दिवस चुकवला नाही. आता मला परीक्षा नव्हती, पण त्यांची चालू होती ना.

आणि एका पहाटे क्लॅरिनेट गारच राहिली.

मी वाट पाहिली. खिडकीबाहेर उजाडलं, दूधवाला येऊन गेला. आत फडकं ओढलं तर कोरडं. मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायला नको. ग्रेसचा नंबर सापडेना. पहिल्यांदा तिने उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि काहीतरी ओरडून बोलली, पण मागच्या आवाजात मला ते ऐकूच आलं नाही.

मागे कुणीतरी क्लॅरिनेट वाजवत होतं. फुसकी, हवा गळणारी, मध्येच किंचाळणारी — पण क्लॅरिनेट. बँडमधल्या जुन्या मित्राने आदल्या दिवशी त्यांना एक प्लॅस्टिकची आणून दिली होती. आज पहिल्यांदा ओठ मिटले होते.

ग्रेसने फोन त्यांच्याकडे दिला. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण आधी तेच बोलले. शब्द पूर्वीपेक्षा किती स्वच्छ होते.

"टुडे स्टार्ट, यू नो नीड वाइप ऑलरेडी," अंकल म्हणाले. "सो अर्ली एव्हरी डे. गो बॅक स्लीप, लाह."

मी त्यांना कधीही काही सांगितलं नव्हतं. ग्रेसलाही नाही. हे फक्त निखिलला माहीत होतं, आणि त्याने शपथेवर सांगितलं की तो त्या दोघांशी कधी बोललेलाही नाही. क्लॅरिनेट का तापायची ते मला माहीत नाही, आणि मी पहाटे उठून ती पुसते हे त्यांना कसं कळलं तेही माहीत नाही. कारण शोधायचे जमले तेवढे प्रयत्न करून झाले आहेत. तुमच्याकडे काही असेल तर लिहा, मी आधीसारखी उडवून लावणार नाही.

झोपायला मात्र मी गेले नाही. ग्रेसला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि फडकं हातात घेऊन ऐकत बसले. स्वरावलीतला तिसरा स्वर फाटत होता. अंकलनी तो नीट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा घेतला.