मास्तरांच्या मापाचं हँडल

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात आरशासमोर एक लाकडी खुर्ची आहे. त्या खुर्चीत बसल्याशिवाय आजवर एकाही गिऱ्हाइकाची नवी पँट दुकानाबाहेर पडलेली नाही. आरशासमोर उभं राहिलं की माणूस फोटो काढायला आल्यासारखा होतो. पोट आत, छाती पुढं, श्वास बंद. मास्तर टेप फिरवता फिरवता म्हणतात, "साहेब, पोट सोडा. ते तुमच्याबरोबर घरी यायचंय." आणि पँट तयार झाली की खुर्चीकडं बोट दाखवतात. "बसा. उभ्यानं काय, खांबालासुद्धा पँट चांगली दिसते."

दुकान अरुंद. एका भिंतीला मास्तरांचं शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला मास्तरीणबाईंचं. मास्तर कापतात, जोडतात; बाई अस्तर लावतात, काज-बटण करतात. दोघांच्या पाठी एकमेकांकडं, त्यामुळं भांडण झालं तरी तोंड बघावं लागत नाही. संसार टिकायचं हेच कारण, असं बाई सांगतात.

आणि पायरीपाशी उभी मोटरसायकल. ही गाडी मूळची मास्तरांच्या सासऱ्यांची. सासरे म्हणजे ताडमाड माणूस. हात असे लांब, की उभ्याउभ्या गुडघे खाजवावेत. हँडल त्यांनी आपल्या हिशेबानं पुढं आणि खाली बसवून घेतलेलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी गाडीची चावी पोटच्या पोराला न देता जावयाच्या हातावर ठेवली, कारण पोरानं त्याच सुमारास गाडी शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात घातली होती. सासरे गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण तो पोरगा, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, अजून ते विसरला नव्हता. कोंबड्या विसरला होता, चावी नाही. सगळे त्याला लंबू म्हणत. उंची आणि हात थेट वडिलांचे.

मास्तर मात्र बुटके, आखूड हातांचे आणि पोटानं खाऊनपिऊन सुखी. सासऱ्यांच्या गाडीवर ते बसले की विहिरीत पडलेली बादली काढायला कठड्यावर ओणवं झालेल्या माणसासारखे दिसत. मागं बाई, दोघांच्या मध्ये कापडाचं गाठोडं, आणि बाईंच्या डोक्यावर वडिलांचंच जुनं हेल्मेट, जे प्रत्येक खड्ड्याला घसरून नाकावर यायचं. अशी ही वरात आठवड्यातून दोनदा कापडबाजारात जायची. अस्तर, धागे, बटणं घ्यायची, तयार कपडे पोचवायचे. येताना बाजाराच्या टोकाला चहा. सगळ्या आठवड्यात पाठीला पाठ लावून बसणारी दोघं तेवढी एकाच दिशेला तोंड करून बसत.

मास्तरांच्या हाताला मुंग्या यायला लागल्या त्या आधी येताना, मग जाताना, मग घरी पोचल्यावरही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं उसनी आणल्यासारखी वाटायची. मास्तर हात झटकायचे आणि कामाला बसायचे. मग एक दिवस बाजारातून आल्या आल्या त्यांनी हॉटेलच्या दरवानाचा लाल कोट कापायला घेतला, आणि कात्री आपल्या मनानंच बाहीत शिरली.

त्यावर सोनेरी पट्टी लावून निभावलं. दरवान तर एवढा खूश झाला की दुसऱ्या बाहीलाही पट्टी मागून गेला. पण मास्तरांना जेवण गेलं नाही. चूक झाली हे नव्हे; चूक होताना हाताला कळलं नाही, हे त्यांना खात होतं. शिंप्याची बोटं म्हणजे त्याचे डोळे. ती मिटायला लागली तर उरलं काय?

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, गाडी कशी चालवता ते करून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "सगळं अंग तळहातांवर टाकताय आणि वर मनगट वाकडं. असंच चालू ठेवलंत तर कात्री विसरा."

घरी आल्यावर बाईंनी निकाल दिला. "एक तर हात राहील, नाहीतर गाडी. या रविवारपर्यंत बघते. बाजारातून आलात की हेल्मेट काढायच्या आधी माझ्यासमोर सुई ओवायची. पहिल्या झटक्यात ओवलीत तर गाडी तुमची. नाहीतर चावी लंबूला."

"अगं, तुझ्या बाबांनी विश्वासानं दिलेली गाडी..."

"बाबांनी गाडी दिली. हात नव्हते दिले."

बातमीला पाय फुटले. दुसऱ्या दिवशी लंबू हजर. काखेत कोरं लाल हेल्मेट, दुकानाचं लेबल अजून लोंबतंय. आल्या आल्या गाडीवर टांग टाकून त्यानं हात पुढं केले. ते हँडलवर असे पोचले, जणू तिथंच उगवले होते.

"दाजी, बघा. कशी शिवल्यासारखी बसते मला!"

शिंप्याला याहून मोठी डागणी नाही. मास्तर उठले आणि गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. तिथला मिस्त्री दिवसभर "दहा-बाराचा पाना दे" असं ओरडत असतो, म्हणून त्याचं नावच दहाबारा पडलंय. पाना देणारं तिथं कुणी नसतं, तो भाग वेगळा.

"मास्तर, किती वर्षं सांगतोय, हँडल मागं घेऊ."

"सासऱ्यांनी बसवलेलं होतं रे ते."

"त्यांना बसवलेलं होतं. जगाचे कपडे आवळता, उसवता, सैल करता, आणि स्वतः सासऱ्यांचा कोट घालून हिंडता?"

मास्तरांनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मग मान ताठ केली. "बदल. पण माप मी देणार. मापाचं मला कुणी शिकवायचं नाही."

संध्याकाळी दुकानाच्या आरशासमोर मास्तर स्वतः उभे राहिले. टेप बाईंच्या हातात. मास्तरांनी खांदे मागं घेतले, छाती काढली, दोन्ही हात ऐटीत पुढं धरले. बाईंनी खांद्यापासून मुठीपर्यंत टेप लावला, पोटाकडं बघितलं, भुवई उडवली. तोंडात टाचण्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

दहाबारानं त्या मापानं हँडल मागं ओढलं आणि खाली दोन ठोकळे घालून उंच केलं. मास्तरांनी गल्लीला एक चक्कर मारली. काय तो थाट! पाठ सरळ, मान वर. चपलांच्या दुकानदाराला त्यांनी हात केला, ज्याच्याशी गेल्या वर्षापासून बोलणं बंद होतं.

शनिवारी बाईंना आणि गाठोड्याला घेऊन बाजाराला निघाले, आणि पहिल्याच उतारावर थाट उतरला. गाठोडं पुढं सरकलं, त्यानं मास्तरांना पेट्रोलच्या टाकीवर लोटलं, आणि हँडल आलं पोटात. कोपरं अंडी उबवणाऱ्या कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर. वळणावर हँडल गुडघ्याला लागायचं. वर हँडल उंच केल्यानं आधीच ताणलेली ॲक्सिलरेटरची केबल वळताना आणखी ताणली जाऊन गाडी आपोआप भुर्रकन पुढं जायची. मागून बाई ओरडल्या, "वळताना पळवता कशाला?"

"मी नाही पळवत, तीच पळतेय!"

"मग तिला सांगा ना!"

परत आले तेव्हा लंबू दुकानातल्या खुर्चीत लांब पाय पसरून बसला होता, मांडीवर हेल्मेट. बाईंनी सुई-दोरा पुढं केला. मास्तरांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेम धरला. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून. मग नखावर आपटला.

"ताई," लंबू मायेनं म्हणाला, "चावी कुठं असते?"

"गप रे. रविवार उद्या आहे."

पण आवाजात जोर नव्हता. चहा आणि गाठोडं आणि पाठीमागची ती जागा बाईंनाही डोळ्यांपुढं दिसत असणार. त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मला सांगा, तुम्ही माप कसं दिलंत?"

"कसं म्हणजे? टेपनं."

"उभं राहून."

मास्तरांनी गळ्यातला टेप चाचपला.

"गाडी उभ्यानं चालवता? आणि पोट? पोट कुठं होतं त्या वेळी?"

मास्तरांची नजर आधी आपल्या पोटावर गेली, मग लंबूच्या बुडाखालच्या खुर्चीवर. जगाला ज्या खुर्चीत बसवलं, तिच्याकडं पाठ करून त्यांनी स्वतःचं माप दिलं होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तोंडात टाचण्या होत्या."

"काढायच्या होत्या!"

"काढून बोलले असते तर ऐकलं असतं?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. एवढं, की ते त्याच पोटाला धरून खाली बसले. बाईही हसल्या. लंबू दोघांकडं बघत हेल्मेटवरून हात फिरवत राहिला. त्याला लक्षण काही बरं दिसेना.

रविवारी सकाळी गॅरेजासमोर गाडी मधल्या स्टँडवर चढवली. मागं बाई, मध्ये गाठोडं, पुढं मास्तर. चावी न्यायला आलेल्या लंबूला दहाबारानं चाकासमोर उभं केलं. "नुसता बघतोस काय? चाक गुडघ्यांत पकड आणि हँडल सरळ धर."

"मी? माझ्याच गाडीला मी कशाला..."

"अजून तुझी झालेली नाही. धर."

दहाबारानं वरचा ठोकळा काढला, हँडलची पकड सैल केली. "डोळे मिटा, मास्तर."

मास्तरांनी मिटले.

"पोट सोडा," मागून बाई म्हणाल्या.

"सोडलंय."

"अजून."

मास्तरांनी सोडलं. ते ऐसपैस टाकीपाशी जाऊन टेकलं. बाईंनी मागून समाधानानं हुंकार दिला. मग मास्तरांनी हात उचलले आणि जिथं जड वाटेनात तिथं थांबवले.

लंबू समोरून बघत होता. त्याला गप्प बसता आलं असतं. पण वडिलांची गाडी डोळ्यांदेखत वाकडी बसवलेली त्याच्यानं बघवेना. "दाजी, डावा खांदा उचललाय तुम्ही. सोडा तो. हां... आता बरोबर. आता मूठ आली जागेवर."

"खडू घे माझ्या खिशातला," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "आणि खूण कर."

अशी त्या हँडलवर शिंप्याच्या खडूची रेघ उमटली. मग क्लच आणि ब्रेकचे दांडे फिरवले, मनगट न वाकवता बोटं त्यांवर सरळ पडतील इतके. केबल दुसऱ्या वाटेनं सैल फिरवली. गाडी चालू करून हँडल पार डावीकडं नेलं, पार उजवीकडं नेलं. इंजिनाचा आवाज जागचा हलला नाही, गुडघ्याला काही लागलं नाही.

"आवळू आता कचकचून?" दहाबारा पाना सरसावून म्हणाला.

"थांब. आधी कच्चा टाका. घसरणार नाही एवढंच आवळ. स्टँडवर बसून बघू दे, मग शिलाई."

पुन्हा बसले, पुन्हा उतरले, केसभर खाली घेतलं, मग पक्कं आवळलं. इतक्या वेळा दहाबारानं आयुष्यात हँडल सैल-घट्ट केलं नव्हतं. "मास्तर," घाम पुसत तो म्हणाला, "तुमची गिऱ्हाइकं तुम्हाला मारत कशी नाहीत?"

रविवारी बाजार बंद. तरी दोघं गेली. बंद दारांवरून जाऊन आली आणि टोकाच्या चहावाल्याकडं बसली. यायला एवढा उशीर झाला की लंबू पायरीवर येरझाऱ्या घालत होता. गाडीची काळजी की बहिणीची, त्याचं त्याला ठाऊक.

मास्तर उतरले. बाईंनी मुद्दाम सगळ्यांत बारीक सुई काढली. मास्तरांनी हेल्मेट न काढता, उभ्याउभ्याच, दोऱ्याचं टोक नेढ्याकडं नेलं, आणि दोरा घरच्या दारातून आत जावा तसा पलीकडं गेला.

बाईंनी वाकून नेढं पाहिलं. मग लंबू म्हणाला, "हे नशिबानं झालं. परत करा."

मास्तरांनी दोरा ओढून काढला, परत ओवला. तिसऱ्यांदा कुणी न सांगताच ओवून दाखवला, तोही मान वळवून, पलीकडच्या चपलवाल्याला दिसेल अशा बेतानं.

"म्हणजे चावी नाही," लंबू म्हणाला. "आणि या हेल्मेटचं मी काय करू? अंडी ठेवू?"

बाईंनी डोक्यावरचं वडिलांचं हेल्मेट काढलं, ते नवं त्याच्या हातातून घेतलं आणि घातलं. लंबूनं उंची वडिलांची घेतली होती, डोकं मात्र भावा-बहिणीचं सारखंच, आईचं. हेल्मेट मापात बसलं, नाकावर आलं नाही. लेबल तेवढं कानापाशी लोंबत राहिलं. "मागं बसायचं ते नीट बसायला नको?" त्या म्हणाल्या. "हे माझं. तू बाबांचं ने. आठवण म्हणून."

लंबूनं वडिलांचं हेल्मेट दोन्ही हातांत धरून उलटंपालटं करून पाहिलं. आतून वास घेतला. मग डोक्यावर चढवलं. ते सरळ नाकावर येऊन थांबलं.

"दाजी," आतून घुमल्यासारखा आवाज आला, "हे जरा मोठं होतंय हो."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि पायानं खुर्ची पुढं ओढली.

"बस," ते म्हणाले.