तिसऱ्या कडव्यात गाणं खाली बसतं

आमच्या रविवारच्या बैठकीत एकदा अख्खी दुपार एका खोकल्यावर गेली होती. साठच्या दशकातला एक इंग्रजी बँड आहे. नाव लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. त्यांच्या एका गाण्यात गिटार थांबता थांबता मागे कोणीतरी खोकतं. खोकणारा कोण, आणि तो खोकला चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, यावर आम्ही पाच-सहा पोक्त माणसं चहा गार होईपर्यंत भांडलो. घरी सांगितलं तर लोक हसतात. हसू देत.

बैठक जळगावात नानांकडे भरते. नाना चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. स्पीकरची लाकडी खोकी त्यांनी स्वतः बनवली आहेत आणि त्यावर ते कोणाला पाण्याचा ग्लास ठेवू देत नाहीत. आमच्यात एक औषध दुकानवाले आहेत. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा गाणारा एका कानात असतो आणि ड्रम दुसऱ्या कानात. यांचा डावा इअरफोन बंद पडलेला. तर हे सगळ्यांना सांगत फिरायचे की अमुक गाण्यात ड्रम नाहीच, आणि ड्रम का नाही याची कारणंही त्यांच्याकडे तयार होती. आम्ही सगळ्यांनी ती मान डोलावून ऐकली. मीही. पुढे माझ्यावर काय वेळ येणार आहे ते तेव्हा माहीत नव्हतं.

माझं सांगते. रावेरकडचं आमचं गाव, केळीचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कोणी न विचारता सांगते. आता जळगावला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. पण इंग्रजी माझ्या कानावर पहिल्यांदा मास्तरांकडून आलं नाही, एका कॅसेटमधून आलं. चुलत भावाच्या, म्हणजे दादाच्या घरी एक पाहुणा आला होता. त्याच्याजवळ या बँडची रेकॉर्ड होती. दादाने ती आमच्यासाठी कॅसेटवर भरून घेतली. पाहुणा संध्याकाळच्या गाडीने रेकॉर्ड घेऊन गेला, कॅसेट राहिली. बारावीला असताना मी ती इतक्यांदा ऐकली की आई म्हणायची, त्या गोऱ्यांना जरा श्वास तर घेऊ दे.

त्या कॅसेटवर एक गाणं आहे. माणूस लांबून चालत घराकडे येतोय. पहिल्या कडव्यात रस्ता. दुसऱ्यात 'तिची' आठवण. तिसऱ्यात तो दाराशी उभा राहतो आणि म्हणतो, खिडकीत तिचा दिवा अजून जळतोय. बस, एवढंच. ती कोण, हे शेवटपर्यंत सांगत नाही. सगळी दुनिया म्हणते प्रेयसी.

पण माझ्या कॅसेटवर, दिव्याच्या त्या ओळीला, गाणं खाली बसतं. आवाज जड होतो, लांबतो, पायाखालची जमीन मऊ व्हावी तसा आत जातो, आणि पुढच्या ओळीला हळूहळू वर येतो. गिटार, ड्रम, सगळं त्याच्यासोबत बसतं आणि त्याच्यासोबत उठतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीबरोबर मी पहिल्यांदा नानांच्या बैठकीला गेले. तिथली बहुतेक पोरं कॉन्व्हेंटची, बोलताना ओठ न हलवता इंग्रजी बोलणारी. 'ती' कोण यावर वाद चालला होता. मी मराठीत म्हणाले, "ती आई आहे. तो दाराशी येतो आणि त्याला कळतं की आई गेली. दिवा कोणीतरी तिच्या नावाने लावलाय. म्हणून तिथे आवाज बसतो." आणि पर्समधून कॅसेट काढून लावली. आवाज खाली बसला. नानांनी ती जागा पुन्हा लावली. मग पुन्हा. त्या दिवसानंतर मला कोणी 'ती रावेरकडची' म्हटलं नाही. मी 'दिव्याचा अर्थ लावणारी' झाले. माझं स्वतःचं असं पहिलं काही होतं तर ते म्हणजे तो अर्थ. डिग्री नंतर आली.

मोबाइलवर गाणी आली तेव्हा मी ते गाणं पहिल्यांदा तिथे ऐकलं. आवाज बसत नव्हता. सपाट, नीट, इस्त्री केल्यासारखा. आम्ही बैठकीत ठरवून टाकलं की कंपनीने जुनं रेकॉर्डिंग साफ करताना ही जागाही सरळ करून टाकली असणार. यंत्राला काय कळतं दुःख.

मग मी त्या बँडच्या परदेशी चाहत्यांच्या एका इंटरनेटवरच्या कट्ट्यावर माझा अर्थ लिहिला. तिकडच्या एकाने उत्तर दिलं की असं काही आम्ही कधी ऐकलं नाही, पण भारतात छापलेली रेकॉर्ड वेगळी असू शकते. कदाचित तुमच्याकडे दुसऱ्याच वेळी गायलेलं गाणं गेलं असेल. झालं. आमच्या ग्रुपवर तो आठवडा नुसता सणासारखा गेला. जगात कोणाकडे नसलेलं गाणं खानदेशात आहे म्हटल्यावर काय.

एकच माणूस मानेना. धुळ्याचे आमचे बँकवाले भाऊ. मूळचे सोनगीरचे, आता निवृत्त, महिन्यातून एकदा एसटीने बैठकीला येतात. ते पहिल्यापासून प्रेयसीवाले. म्हणायचे, "ताई, तुमना अर्थ मोठा गोड शे. पण आईसाठी कोणी गिटार वाजवत नाही." गेल्या हिवाळ्यात त्यांचा ग्रुपवर निरोप आला. इंदूरच्या जुन्या बाजारात त्यांना तीच रेकॉर्ड सापडली होती, भारतात छापलेली. खाली लिहिलं होतं: रविवारी आणतो. ताईंच्या आईचा निकाल लावू.

त्या आठवड्यात माझं वर्गात लक्ष नव्हतं. मी कोणाला बोलले नाही, पण एवढ्या वर्षांत मी शंभर कविता शिकवल्या असतील, आणि प्रत्येक वेळी मुलांना सांगितलं असेल की आधी ऐका, अर्थ मग लावा. हे सांगायचा हक्क मला त्या एका जागेने दिला असं मी मनात धरून होते. ती जागाच नसली तर?

रविवारी भाऊ आले ते रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. नानांनी ती पुसली, लावली. पहिलं कडवं. दुसरं. औषधवाले वेफर्सची पुडी हातात धरून बसले होते, कुरकुर नको म्हणून खात नव्हते. तिसरं कडवं आलं, दिव्याची ओळ आली, आणि गेली. आवाज जागचा हलला नाही.

"परत लावा," मी म्हणाले. नानांनी लावली. नाही.

भाऊंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते कपाळ खाजवत बसले. "मग तुमच्या कॅसेटवर ते येतं कुठून?" ते म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही तेवढंच जाणून घ्यायचं होतं. हरल्याचं वाईट वाटणं जरा वेळ बाजूला राहिलं.

कॅसेट लावली. दिव्याची ओळ. आवाज खाली बसला.

नाना डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "माणूस रडला तर त्याचा गळा बसेल. ड्रम कशाला बसेल?"

"सगळे मिळून हळू झाले असतील," औषधवाले म्हणाले.

"हळू होतील. पण ड्रमचा सूर कसा उतरेल?"

इतकी वर्षं ही गोष्ट आमच्या कोणाच्या कानाला लागली नव्हती. मी ती जागा पुन्हा लावायला सांगितली, आणि या खेपेला गाणारा, दिवा, आई, सगळं सोडून दिलं. नुसता आवाज ऐकला. कसा पडतो, कसा उठतो. पडतो एकदम. उठतो मात्र टप्प्याटप्प्याने, जरा वर, थांबून आणखी जरा वर. आणि हे उठणं मला ओळखीचं वाटलं. हे मी कानाने नाही, डोळ्याने पाहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या बल्बमध्ये.

आमच्याकडे घरातली लाइट असायची, पण मोटरीला लागणारी शेतीची थ्री-फेज लाइट पाळीने यायची. कधी दिवसा, कधी रात्री. ती यायची वाट बघत विहिरीवर कोण बसणार, म्हणून सगळ्यांनी आपल्या पाच एचपीच्या मोटरला 'ऑटो' बसवलेला असायचा. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. आता गावाला आणि शिवाराला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, एकच. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठायच्या, आणि गावातले बल्ब निखाऱ्यासारखे लाल व्हायचे. पंख्याची पाती मोजता यायची. मग एकेक मोटर वेग धरायची तसतसा बल्ब उजळत जायचा. टप्प्याटप्प्याने.

मी तिथूनच दादाला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. तो केळीच्या कटाईवर होता, मागे ट्रॅक्टर चालू.

"दादा, ती कॅसेट भरली तेव्हा रेकॉर्डचं मशीन कशावर चालत होतं?"

"कोनती कॅसेट?"

"इंग्रजी. पाहुण्याची."

"लाइटवर. अन् टेप सेलवर. प्लग एकच होता ना आपल्याकडं. काहून? केस झाली का काही?"

"दुपारी भरली होती ना?"

"दुपारीच. पाहुना जेवून झोपला होता, तवाच तर मशीन हाती लागलं. काय करू राह्यली तू हे रविवारी?"

फोन ठेवला. कॅसेटचा टेप सेलवर नीट चालत होता. रेकॉर्डची तबकडी लाइटवर फिरत होती. दिव्याची ओळ चालू असताना शेतीची लाइट आली, शिवारातल्या मोटरी उठल्या, तबकडी दमली, आणि टेपने ते सगळं इमानदारीत लिहून ठेवलं. मी ते समजावून सांगितलं. जळगाव-धुळ्याच्या माणसांना फार समजवावं लागलं नाही.

धुळ्याचे भाऊ बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "म्हणजे ताई, तुमची आई पाच एचपीची होती."

सगळ्यात शेवटी मी हसले, पण हसले. मग म्हणाले, "माझा अर्थ त्या जागेवर उभा होता. जागा गेली, अर्थ गेला. मान्य. पण भाऊ, तुमची प्रेयसी कशावर उभी आहे?"

"म्हणजे काय? सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात. गाणारा म्हणतो का?"

भाऊंनी रेकॉर्डचं पाकीट उलटून पाहिलं, जणू मागे लिहिलेलं असेल. नानांनी सुई पुन्हा ठेवली. त्या दुपारी आम्ही ते गाणं कोणीही अर्थ न लावता ऐकलं, आणि अवघड गेलं. मला तर आवाज जिथे बसायचा तिथे दर वेळी कान पुढे जायचा आणि रिकामा परत यायचा. कोरं गाणं छान आहे. पण मी ज्याच्यावर जीव लावला ते हे नव्हे, हेही मला तेव्हाच कळलं, आणि मी ते बैठकीत बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही. भाऊ म्हणाले, "तुमच्या कॅसेटची एक कॉपी मला मोबाइलवर टाका."

परदेशातल्या त्या चाहत्यालाही मी सगळं कळवलं. आधी जे छातीठोकपणे लिहिलं तिथेच खाली लिहिलं, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत नको. त्याने विचारलं, मोटरी किती होत्या?

मला काय माहीत.

पुढच्या सुट्टीत गावी गेले. वडील आता थकलेत, ओसरीत खाटेवर असतात. आम्ही त्यांनाही भाऊच म्हणतो. माझ्या गाण्यांकडे त्यांनी कधी कान दिला नव्हता. बंदी घातली नाही, एवढंच. मी मोबाइलला हेडफोन लावून त्यांच्या कानावर बसवला आणि सांगितलं, यात एका जागी आपल्या शिवारातल्या मोटरी सुरू होतात.

"या गान्यात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शिकून पोरगी वाया गेली. मग ऐकू लागले. दिव्याची ओळ आली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. हात वर करून मला थांबवलं, जणू मी बोलत होते.

"मांगं घे."

मी मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले आणि बोट हळूहळू वर नेलं, आवाज उठत होता तसं.

"गान्यात काय म्हनते तो?"

"घरी येतो. खिडकीत दिवा दिसतो."

"दिवा व्हय." त्यांनी ओसरीतल्या बल्बकडे पाहिलं. "मंग बराबर हाये. आपला बी दिवा असाच व्हायचा." हेडफोन त्यांनी काढला नाही. "पन हे एकट्या आपल्या मोटरीनं नाही बसनार. खालच्या अंगाच्या वावरातल्या बी उठल्या हायेत. आपली जुनी होती, तिले वेग धराले टाइम लागे. शेवटी जो आवाज उठते ना, तो आपला."

"नक्की?"

"मांगं घे," ते म्हणाले.