चांदणीची लोळण

आमची घोडी चांदणी आज वाळूत लोळली. घोडं उठताना आधी पुढचे पाय रोवतं, आणि तिच्या पुढच्या डाव्या गुडघ्यातली कूर्चा, हाडांमधली मऊ गादी, उडी मारताना फाटली होती. उठायच्या धास्तीने कित्येक महिने ती आडवीच झाली नव्हती. डॉक्टरांनी तिच्याच छातीच्या हाडातून मूळपेशी काढल्या, वाढवल्या आणि गुडघ्यात सोडल्या. आपल्यातही असं बळ कुठेतरी पडून असेल, फक्त दुखऱ्या जागेपर्यंत पोचलेलं नसेल, असं तिला आभाळाकडे पाय करून लोळताना पाहून वाटलं.

"ऊठ बाई आता," मोतद्दार गफूरचाचा पुटपुटले.

तिने डावा पाय रोवला, उठली आणि अंग झाडलं. वाळू आमच्या तोंडावर उडाली. दोघांनीही ती पुसली नाही.